उरलेलें पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४ : १७-२२, अनुवाद २२ : ६-७.



यहेज्केल संदेष्ट्याच्या ज्या वचनांकडे आज आपलें लक्ष वेधावयाचें आहे, तीं कळपांतील दुबळ्या मेंढरांस उद्देशून नाहींत; तीं धष्टपुष्ट मेंढरांस उद्देशून आहेत. हीं मेंढरें चांगल्या कुरणांत पोटभर चरलीं, निवळ पाण्याच्या कांठीं जाऊन तृप्त होईपर्यंत प्यालीं. एवढ्याबद्दल देव त्यांस दोष देत नाहीं. भूक व तहान त्यानेंच निर्मिली, आणि गवत व पाणीहि त्यानेंच दिलें. त्याचा आक्षेप पुढच्या कृत्यावर आहे. आपली तहान भागल्यावर तीं मेंढरें उरलेल्या पाण्यांत पाय घालून तें ढवळितात, आणि मागाहून येणाऱ्या अशक्त मेंढरांस तोच चिखल प्यावा लागतो. मग कळपाचा धनी त्यांस जाब विचारतो.

ह्या जाबांत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, व त्या आपणहि नीट वेगळ्या ठेवाव्या. पाणी पिणें हें देवाच्या दानाचा उपभोग घेणें आहे. उरलेलें पाणी बिघडविणें हें पाप आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील तळीं, नद्या व त्यांतील मासळी ह्यांच्याविषयीं आज हाच विचार करूं या.

१. प्यालेल्यांनीं काय मागें ठेविलें

मालवण तालुक्यांतील धामापूरचें तळें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. इ. स. १५३० मध्यें नागेश देसाई नांवाच्या विजयनगरच्या मांडलिकानें डोंगरांमधील घळीस मातीचा बांध घालून तें बांधविलें. म्हणजे जवळ जवळ पांचशें वर्षें धामापूर व काळसें येथील लोकांचीं भातखाचरें व माडांच्या बागा ह्या पाण्यावर पिकत आल्या आहेत. २०२० मध्यें सिंचन व जलनिस्सारण ह्या विषयांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानें ह्या तळ्यास जगांतील वारसा सिंचन स्थळांच्या यादींत स्थान दिलें.

हें तळें इतकीं वर्षें टिकलें तें केवळ बांधाच्या बळावर नव्हे. भोंवतालच्या डोंगरांवर दाट झाडी आहे. मुसळधार पाऊस कोसळतो तेव्हां झाडांचा पाला त्याचा मारा सोसतो, मुळें माती धरून ठेवितात, आणि जमिनींत मुरलेलें पाणी झऱ्यांच्या रूपानें पुढें कित्येक महिने हळूहळू तळ्यांत उतरतें. बांध मनुष्यानें घातला, पण तळें भरण्याचें काम डोंगर करितो. ज्या पिढ्यांनीं डोंगर राखला त्यांनींच तळें राखिलें.

त्या तळ्याच्या कांठीं भगवतीचें देऊळ आहे, आणि बांधणारे लोक आपल्या धर्माचे नव्हते. म्हणून कोणी म्हणेल कीं, ख्रिस्ती मंडळीस त्याचें काय? बंधूंनो, प्रभु येशू प्रवासानें थकून शोमरोनांतील विहिरीवर बसला, तेव्हां त्यानें परक्या समाजाच्या स्त्रीपाशीं प्यावयास पाणी मागितलें. स्वर्गांतील पिता आपला पाऊस नीतिमानांच्या शेतावर व अनीतिमानांच्या शेतावर सारखाच पाडितो. पाण्यास जात नाहीं व पंथहि नाहीं. जें सर्वांसाठीं आहे त्याची राखण करणें हें आपलेंहि काम आहे.

२. माणसें किती, ओझें किती

पाणी कां बिघडतें, असें विचारलें म्हणजे बहुतेक जण उत्तर देतात कीं, लोकसंख्या फार वाढली. ह्यांत सत्य आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें पृथ्वीवरील माणसांची संख्या ८०० कोटी झाली असें संयुक्त राष्ट्रसंघानें जाहीर केलें. मोठ्या शहराचें ओझें तळ्यावर पडलें म्हणजे काय होतें, हें आपल्या घरांतून मुंबईस नोकरीसाठीं गेलेल्या मुलांस ठाऊक आहे. तेथील पवईचें तळें १८९१ च्या सुमारास शहरास पिण्याचें पाणी मिळावें म्हणून बांधण्यांत आलें. आज तें पाणी पिण्यायोग्य नाहीं. भोंवतालच्या टेकड्या दगडाच्या खाणींसाठीं फोडल्या गेल्या, त्यांची माती तळ्यांत आली. मग उंच उंच इमारती उठल्या, त्यांचें सांडपाणी आलें. आणि त्या सांडपाण्यावर जलपर्णी पसरली. गळ टाकून मासे धरण्याचा छंद असलेले लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या जात आले. त्यांच्या डोळ्यांदेखत तळ्याचें पाणी आटत व गढूळ होत गेलें.

परंतु आपल्या जिल्ह्याचा हिशेब निराळा आहे, आणि तो ऐकून आपण थोडें थांबावें. २००१ च्या खानेसुमारींत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ च्या खानेसुमारींत ती ८,४९,६५१ भरली. म्हणजे दहा वर्षांत माणसें वाढलीं नाहींत. एकोणीस हजारांहून अधिक कमी झालीं. तरुण मुंबईस, पुण्यास व गोव्यास गेले. गांवांत म्हातारीं माणसें व बंद घरें राहिलीं. तेव्हां येथील नदीनाल्यांवर जें ओझें आलें आहे त्याचा दोष गरिबाच्या घरांतील पाळण्यावर ठेवितां येणार नाहीं.

मग ओझें आलें कोठून? १९९७ मध्यें सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्यें चिपी येथील विमानतळ उघडला. रस्ते रुंद झाले, किनाऱ्यावर व नदीकांठीं निवासगृहें व हॉटेलें उठलीं, आणि दूरच्या श्रीमंतांनीं डोंगरउतारावर जमिनी घेऊन ठेविल्या. ह्या सर्वांनीं कांहीं घरांत पैसा आला, हें नाकारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. होडी चालविणारा, खानावळ मांडणारी, खोली भाड्यानें देणारा, ह्या सर्वांच्या मुलांच्या शाळेचें शुल्क त्यांतूनच निघतें. पाहुणा येणें हें पाप नव्हे. पाहुणचार ही तर शास्त्राची आज्ञा आहे. परंतु माणसें मोजून ओझें कळत नाहीं. एक कुटुंब विहिरीचें पाणी शेंदून जपून वापरितें; दुसरें तितक्याच माणसांचें कुटुंब पोहण्याचा हौद भरून घेतें. एकाचें सांडपाणी माडाच्या आळ्यांत मुरतें. दुसऱ्याचें नळांतून ओहोळांत सोडिलें जातें. संदेष्टा मेंढरें किती आहेत हें मोजीत बसला नाहीं. कोणाच्या पायांनीं पाणी गढूळ झालें हें त्यानें पाहिलें.

३. तळें व नदी कशी मरते

पाणी एका दिवसांत मरत नाहीं. म्हणून त्याचें मरण आपल्या ध्यानांत येत नाहीं. त्याला तीन दुखणीं जडतात.

पहिलें दुखणें मातीचें. डोंगर कापिला, झाडी तोडिली, कातळ फोडिला, कीं पहिल्याच पावसांत तांबडी माती वाहून खालीं येते. ती तळ्याच्या बुडाशीं बसते. तळें उथळ होतें, उन्हाळ्यांत लवकर तापतें व लवकर आटतें. मासे ज्या वाळूंत व दगडगोट्यांत अंडीं घालितात ती जागा गाळाखालीं पुरली जाते. २०२१ च्या जुलै महिन्यांत दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें लोखंडाच्या खाणीचा बांध फुटला, तेव्हां चिखलाचा लोंढा लोकांच्या शेतांत व बागांत शिरला. तें संकट सर्वांनीं पाहिलें, कारण तें एका घटकेंत आलें. हळूहळू येणारी माती मात्र कोणी पाहत नाहीं.

दुसरें दुखणें सांडपाण्याचें. संडासाचें, मोरीचें व खतांचें पाणी तळ्यांत गेलें म्हणजे तें शेवाळास व जलपर्णीस खत होतें. पाणी हिरवें होतें; लोकांस वाटतें कीं, तळें भरभराटीस आलें. पण तें शेवाळ मरून कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकितें. मग एके दिवशीं पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडीत असलेले दिसतात, आणि ऊन वर येईपर्यंत पोटें वर करून तरंगतात.

तिसरें दुखणें वाट अडविण्याचें. मासा एका जागीं राहणारा प्राणी नव्हे. खाडींतून नदींत, नदींतून ओहोळांत, ओहोळांतून भातखाचरांत त्याचें जाणेंयेणें असतें. ती वाट भराव घालून, कुंपण घालून किंवा दारें बंद करून अडविली, तर पाणी निवळ असूनहि तो नाहींसा होतो.

४. चोणाक आणि पक्षिणीचा नियम

ह्या तिन्ही दुखण्यांची साक्ष देणारा एक मासा आपल्या ओळखीचा आहे. मालवणांत व गोव्यांत त्याला चोणाक म्हणतात. रायगडाकडे त्यालाच जिताडा म्हणतात. कर्लीच्या व गड नदीच्या खाडींत तो धरिला जातो, आणि बाजारांत त्याला मोठा भाव मिळतो. ह्या माशाचें जीवन देवानें मोठ्या कौतुकानें रचिलें आहे. पावसाळ्याच्या सुमारास तो नदीच्या मुखाशीं, जेथें पाणी खारट असतें तेथें, अंडीं घालितो. त्याचीं पिलें भरतीबरोबर खाडींत, कांदळवनांत व खाजणांत शिरतात. पुष्कळ पिलें पुढें नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढून जातात व तेथें वाढतात. वयांत आल्यावर तीं पुन्हां मुखाकडे उतरतात. म्हणजे ह्या एका माशास डोंगरावरचें गोडें पाणी पाहिजे व समुद्राचें खारेंहि पाणी पाहिजे. मधली वाटहि मोकळी पाहिजे. ज्या गांवांत चोणाक मुबलक आहे तेथील पाणी वरपासून खालपर्यंत निरोगी आहे असें समजावें.

आणखी एक गोष्ट पुष्कळ मच्छीमारांसहि ठाऊक नसते. चोणाक प्रथम वयांत येतो तेव्हां तो नर असतो. कांहीं वर्षांनीं, मोठा झाल्यावर, तोच मादी बनतो. ह्यावरून काय निघतें? बाजारांत ज्या थोर आकाराच्या चोणाकास सर्वांहून अधिक पैसे मिळतात, हॉटेलांतील पाहुणे ज्याचीच मागणी करितात, तो बहुतकरून मादी असतो, आणि एका मादीच्या पोटांत लाखों अंडीं असतात. मोठे सर्व काढून नेले तर माता उरल्या नाहींत. बारीक जाळ्यानें लहान सर्व काढून नेले तर पुढें माता होणारेहि उरले नाहींत.

आतां अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाकडे वळा. तेथें एक लहानसा नियम आहे. वाटेंत झाडावर किंवा भुईवर पक्ष्याचें घरटें आढळलें, आणि माता पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलें घ्यावीं, पण मातेस सोडून द्यावें. माता व पिलें दोन्ही घेऊं नयेत. भुकेल्या मनुष्यास देव उपाशी राहावयास सांगत नाहीं. पण घरट्याचा निर्वंश करण्यासहि परवानगी देत नाहीं. आणि विशेष हें कीं, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेस दीर्घायुष्याचें जें अभिवचन जोडिलें आहे, तसेंच अभिवचन देवानें ह्या पक्षिणीच्या नियमासहि जोडिलें. इतक्या क्षुद्र दिसणाऱ्या गोष्टीस त्यानें एवढा मान दिला. जो मातेस सोडितो त्याच्या मुलांस पुढें अन्न मिळतें, हा त्या अभिवचनाचा उघड अर्थ आहे.

ह्या नियमाच्या आरशांत आपणहि तोंड पाहावें. कारण पुष्ट मेंढरें केवळ शहरांतूनच येतात असें नाहीं. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे नदीचे मासे अंडीं घालण्यासाठीं ओहोळांतून शेतांकडे चढूं लागतात. ह्या चढणीच्या माशांची आपल्याकडे वाट पाहिली जाते, आणि घरटी एक वेळचें कालवण झालें तर तें आनंदाचेंच आहे. पण ओहोळाच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत आड घालून, पोटुशी मासळी पोतीं भरून नेणें, हें घरट्यांतील माता उचलून नेणें होय. समुद्रांत पावसाळ्याच्या दिवसांत यांत्रिक नौकांस सरकारची बंदी असते. ओहोळावर आपल्या सदसद्विवेकबुद्धीवांचून दुसरा पहारेकरी नसतो. आणि नदीच्या डोहांत कीटकनाशक औषध किंवा ब्लीचिंग पावडर टाकून, अथवा सुरुंग उडवून मासे मारणें, हें तर लहान, मोठे, खाण्याचे व न खाण्याचे सर्व जीव एकदम मारणें आहे. त्याच डोहावर दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याची म्हैस पाणी पिते.

ह्यावर एक उत्तर आपल्या गांवांत नेहमीं ऐकूं येतें : "मिया नाय धरलंय तर दुसरो कोणतरी धरतलो." हें उत्तर खोटें नाहीं, दुसरा खरोखरच धरील. तथापि न्यायाच्या दिवशीं देव आपणांस दुसऱ्याच्या जाळ्याविषयीं विचारणार नाहीं. आणि अनुभव असा आहे कीं, एका घरानें सोडिलें तर तें वेडेपण ठरतें, परंतु दहा घरांनीं मिळून सोडिलें तर तो गांवाचा नियम होतो.

५. प्रभूच्या शिष्यांचें सरोवर

ज्याला आपण गालीलाचा समुद्र म्हणतों तो खरोखर समुद्र नव्हे. तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी सुमारें १३ किलोमीटर. पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे ह्या सरोवराचे मच्छीमार होते. १९६४ पासून इस्राएल देशानें तें पाणी मोठ्या नळांनीं दूरच्या शहरांस व शेतांस नेण्यास आरंभ केला. वाळवंटांत पिकें उभीं राहिलीं. लाखों माणसें प्यालीं. परंतु उपसा व अवर्षण ह्यांमुळें २००१ मध्यें सरोवराची पातळी नोंदींतील सर्वांत खालच्या खुणेस जाऊन पोहोंचली, आणि खालची यार्देन नदी, जींत आपल्या प्रभूचा बाप्तिस्मा झाला, ती सांडपाण्यानें दूषित झालेल्या बारीक ओढ्यासारखी झाली. मग त्या लोकांनीं समुद्राचें खारें पाणी गोडें करण्याचे मोठे कारखाने उभारिले व सरोवरावरील भार कमी केला. जें ओझें मनुष्यानें घातलें तें मनुष्यास उतरवितांहि येतें. मात्र तें ओझें आहे हें प्रथम कबूल करावें लागतें.

ह्याच सरोवराच्या कांठीं प्रभूनें पांच भाकरी व दोन मासे ह्यांवर मोठ्या समुदायास जेवूं घातलें. सर्व तृप्त झाले तेव्हां त्यानें उरलेले तुकडे गोळा करविले, कांहीं फुकट जाऊं दिलें नाहीं. ज्याला शून्यांतून अन्न निर्माण करितां येतें त्यानेंच उरलेल्याची काळजी केली. मग ज्यांना पाण्याचा एक थेंबहि निर्माण करितां येत नाहीं त्यांनीं किती काळजी करावी!

६. आपणांकडून काय व्हावें

पहिलें, प्रत्येक ख्रिस्ती घरानें आपलें सांडपाणी कोठें जातें हें स्वतः जाऊन पाहावें. तें ओहोळांत जात असेल तर शोषखड्डा खणावा. ज्यानें खोल्या भाड्यानें देण्याचा धंदा आरंभिला आहे त्यानें पाहुण्यांच्या संख्येस पुरेल एवढी मैल्याची टांकी प्रथम बांधावी, मग पाटी लावावी.

दुसरें, मासळी धरणाऱ्या बंधूंनीं बारीक पिलें परत पाण्यांत सोडावीं, चढणीच्या दिवसांत ओहोळाचा कांहीं भाग मोकळा ठेवावा, आणि विष टाकणाऱ्याकडून मासे विकत घेऊं नयेत. विकत घेणारा नसेल तर विष टाकणाराहि उरणार नाहीं.

तिसरें, जमीन विकण्यापूर्वीं एक रात्र प्रार्थनेंत घालवावी. ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरांत आजारी माणूस आहे, त्यानें जमीन विकली तर त्याला कोणीहि नांवें ठेवूं नयेत. पण डोंगराचा तो उतार गेला म्हणजे खालच्या वाडीचा झरा जातो, हें विकणाऱ्यानें जाणून घ्यावें, आणि शक्य तर पाण्याच्या कांठचा तुकडा राखून ठेवावा.

चौथें, उपदेशकांनीं व पंचांनीं ग्रामसभेंत जाऊन बसावें. जैविक विविधतेच्या २००२ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक गांवांत एक समिती असावयाची आहे, आणि तिनें गांवांतील झाडें, मासे व पाणवठे ह्यांची नोंदवही लोकांच्या तोंडून ऐकून लिहावयाची आहे. आपल्या मंडळींतील ज्या वृद्ध मच्छीमारांस पूर्वींचे डोह व पूर्वींची मासळी आठवते, त्यांना हाताला धरून तेथें न्यावें. त्यांचें ज्ञान त्यांच्याबरोबर कबरेंत गेलें तर आपल्या नातवंडांस कळणारहि नाहीं कीं, काय हरवलें.

बंधुभगिनींनो, यहेज्केलाच्या त्या अध्यायाचा शेवट धमकीनें होत नाहीं. मेंढपाळ स्वतः येतो, दुबळ्यास सोडवितो व कळपास शांतीनें वसवितो. त्याच पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायांत पवित्रस्थानाच्या उंबरठ्याखालून एक झरा निघतो. तो जेथें जेथें पोहोंचतो तेथें मेलेलें पाणी निरोगी होतें, मासे विपुल होतात, आणि कांठावर मच्छीमार जाळीं वाळत घालितात. देवाच्या मनांतील उद्धाराच्या चित्रांत मच्छीमाराचें जाळेंहि आहे, हें विसरूं नका.

हे दयाळू पित्या, आम्हीं तुझें पाणी प्यालों आहों. आतां जें उरलें आहे तें आमच्या पायांनीं गढूळ होऊं देऊं नको. मागाहून येणाऱ्यास तें निवळ मिळावें, अशी बुद्धि आम्हांस दे. आमेन.